कॉलेजच्या लायब्ररीत ग्रंथपाल म्हणून नवीन जॉइन झालात? पहिलं वर्ष असं काढा

जॉइन होऊन चौथाच दिवस होता. एक मुलगी काउंटरवर आली, स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक हवं होतं, ओपॅकवर (लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगवर) स्वच्छ 'उपलब्ध' दिसत होतं, नंबर ५१९.५. ती दोनदा रॅकवर जाऊन आली, मग मी गेले, मग अटेंडंट काका गेले, पाऊण तास गेला आणि शेवटी ती म्हणाली "जाऊ दे मॅडम, मी पीडीएफ शोधते." पुस्तक दोन दिवसांनी सापडलं, त्याच रॅकवर, फक्त ५१९.२४ च्या आधी लावलेलं. ज्याने लावलं त्याचा हिशोब सरळ होता, पाच लहान आणि चोवीस मोठे. पण ड्युईचे, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार नंबर द्यायच्या पद्धतीचे, आकडे दशांश असतात, ५१९.२४ आधी येतं आणि ५१९.५ नंतर. हे त्या माणसाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, मग त्याची चूक कशी म्हणायची.

तेव्हापासून माझं एकच मत झालंय. कॉलेज लायब्ररीतलं जवळजवळ प्रत्येक दुखणं रेकॉर्ड आणि रॅक यांच्यात पडलेल्या अंतराचं असतं. कॅटलॉग एक सांगतो, रॅक दुसरंच सांगतो, आणि मधल्या फटीत विद्यार्थी पडतो. त्यामुळे नवीन ग्रंथपालाने पहिलं वर्ष ही फट बुजवण्यात घालवावं, पोस्टर, प्रदर्शनं, वाचन स्पर्धा सगळं नंतर. खाली लिहिलेला क्रम मी चुका करत करत शिकलेय, तुम्ही थेट वापरा.

चार्ज घेताना सही जपून

आधीचे ग्रंथपाल रिटायर झालेले असतात किंवा बदलून गेलेले असतात, ऑफिसला घाई असते, आणि तुमच्यापुढे एक कागद येतो ज्यावर 'सर्व ग्रंथ व साहित्य तपासून ताब्यात घेतले' असं लिहिलेलं असतं. तिथे डोळे मिटून सही करू नका. तुम्ही काहीही तपासलेलं नसतं. 'प्रत्यक्ष पडताळणी न करता, दाखल नोंदवहीतील नोंदींनुसार ताब्यात घेतले' असं लिहायला लावा, नाहीतर स्वतः पेनाने लिहा आणि खाली सही करा. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. पाच वर्षांनी स्टॉक मोजला आणि पुस्तकं कमी निघाली की तेच एक वाक्य तुम्हाला वाचवतं.

चार्जमध्ये या गोष्टी आवर्जून मागा: दाखल नोंदवहीचे (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंद करायच्या रजिस्टरचे) सगळे खंड, शेवटच्या स्टॉक व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट, लायब्ररी सॉफ्टवेअरचा ॲडमिन पासवर्ड, ई-रिसोर्सेसची लॉगिन्स आणि ती कोणत्या ईमेलवर रजिस्टर आहेत ते. शेवटचं फार जण विसरतात. अकाउंट आधीच्या मॅडमच्या खाजगी मेलवर असतं, नूतनीकरणाची सूचना तिकडे जाते आणि एक दिवस डेटाबेस बंद पडतो. ऑफिशियल मेल आयडी बनवून घ्या आणि सगळं तिकडे वळवा.

शंभराची चाचणी

पूर्ण स्टॉक मोजायला लगेच बसू नका, दमून जाल. आधी नमुना घ्या. दाखल नोंदवहीतून कसेही विखुरलेले १०० नंबर निवडा, जुने नवे मिसळून, आणि ती १०० पुस्तकं रॅकवर शोधा. प्रत्येकापुढे काय झालं ते लिहा. जागेवर मिळालं, चुकीच्या जागी मिळालं, इश्यू आहे, बाइंडिंगला गेलंय, लेबल वेगळं आहे, किंवा सापडलंच नाही. मग उलट बाजूने करा, रॅकवरून कुठलीही १०० पुस्तकं उचला आणि ती सिस्टिममध्ये आहेत का बघा. दोन्ही बाजूंनी करायचं कारण असं की दोन आजार वेगळे आहेत. पहिल्या चाचणीत हरवलेली पुस्तकं कळतात, दुसरीत अशी पुस्तकं कळतात जी आहेत पण कॅटलॉगला माहीतच नाहीत, म्हणजे डोनेशनमध्ये आलेली, घाईत रॅकवर गेलेली, किंवा कॉम्प्युटर यायच्या आधीची आणि कधीच एन्ट्री न झालेली.

दोन अटेंडंट सोबत असले तर दोनेक दिवसांत होतं, आणि प्राचार्यांसमोर जाताना हातात ठोस आकडा असतो. 'लायब्ररी अस्ताव्यस्त आहे' म्हटलं की तक्रार वाटते, 'शंभरातली इतकी जागेवर नाहीत' म्हटलं की माणूस आणि वेळ मागता येतो.

शेल्फ रीडिंग, रोज, कंटाळा आला तरी

चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकाइतकंच निरुपयोगी, उलट जास्त त्रासदायक, कारण सिस्टिम ते 'आहे' म्हणत राहते. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला ठरावीक रॅक वाटून द्या, रोज सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी वीस मिनिटं आपापल्या रॅकचे नंबर डावीकडून उजवीकडे वाचत जायचे आणि चुकलेलं सरळ करायचं. रॅकवर नाव लिहिलेलं असलं की माणूस त्याला आपला रॅक मानायला लागतो.

सुरुवातीला सगळ्यांना एकत्र बसवून दशांश शिकवा. मी साध्या चिठ्ठ्यांवर नंबर लिहिले होते, ६५८.१५, ६५८.३, ६५८.४, ६५८.४०३, ६५८.८, त्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि लावायला दिल्या. पहिल्या वेळी काकांनी ६५८.१५ हे ६५८.८ च्या नंतर टाकलं, हसले आणि म्हणाले "मॅडम, पॉइंटनंतर पंधरा नाही, एक आणि पाच असं वाचायचं ना?" हेच वाक्य मी आता प्रत्येक नव्या माणसाला शिकवते. पॉइंटनंतरचे आकडे सुटे सुटे वाचायचे.

अजून एक, शेल्फ पाऊण भरलं की भरलं असंच समजा. ठासून भरलेल्या रॅकमध्ये पुस्तक परत घालताना माणूस जिथे जागा दिसेल तिथे घालतो, तो आळशी नसतो, जागाच नसते. आणि पुस्तक काढताना वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही, पाठीचं कापड तिथूनच फाटतं. शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकलायची, हवं ते मध्ये धरून बाहेर काढायचं.

खरेदी: शिक्का मारायच्या आधी थांबा

खरेदीची मागणी प्राध्यापकांकडून यायला हवी, आणि ती येत नाही, हे सगळीकडे सारखंच. सर्क्युलर काढून वाट बघण्यापेक्षा मी सिलॅबस घेते, त्यातली संदर्भयादी कॅटलॉगशी ताडते, काय आहे काय नाही आणि आपली आवृत्ती किती जुनी आहे ते तीन रकान्यांत मांडते आणि छापील कागद घेऊन स्वतः डिपार्टमेंटला जाते. कोऱ्या फॉर्मवर कुणी लिहीत नाही पण तयार यादीवर टिक करायला पाच मिनिटं सगळ्यांकडे असतात.

पार्सल आलं की ऑर्डर, बिल आणि प्रत्यक्ष पुस्तक या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून जुळवा. आवृत्ती नीट बघा, नवी मागवलेली असते आणि जुनी येते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बघा, २००७ पासून तो १३ आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी असतो आणि त्यात शेवटी कधी कधी एक्स येतो, ती छपाईची चूक नाही. मग प्रत्येक पुस्तकाची पानं अंगठ्याने सरसर पलटवा. पुस्तकं फॉर्मने छापली जातात, साधारण १६ किंवा ३२ पानांचा एक गठ्ठा, त्यामुळे बाइंडिंगमध्ये चूक झाली की एकदोन पानं जात नाहीत, गठ्ठाच्या गठ्ठा गायब होतो किंवा तोच दोनदा येतो किंवा उलटा शिवला जातो. हे शिक्का मारायच्या आधी सापडलं तर पुस्तक बदलून मिळतं, शिक्का बसला की ते तुमचं. मी एकदा पंचवीस प्रती एका दमात शिक्के मारून मोकळी झाले आणि परीक्षेच्या आठवड्यात कळलं की त्यातल्या चार प्रतींत एक अख्खं प्रकरण नाही.

शिक्का कुठे मारायचा तेही ठरवून टाका. शीर्षकपानाच्या मागे, शेवटच्या पानावर, आणि एका गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे प्रत्येक लायब्ररीने ठरवलेला एक पान नंबर जिथे दाखल क्रमांक आणि शिक्का कायम असतो, समजा ३७. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणून दाखवलं तर तुम्ही शांतपणे ते पान उघडता. तुमच्या लायब्ररीचं गुप्त पान कोणतं ते चार्ज घेताना विचारायचं राहिलं असेल तर उद्या सकाळी विचारा.

दाखल क्रमांक प्रत्येक प्रतीला वेगळा, शीर्षकाला नव्हे. आणि रद्द झालेल्या पुस्तकाचा नंबर दुसऱ्याला कधीही द्यायचा नाही, रिकामा राहिला तर राहू दे.

कॅटलॉगिंग: आयतं रेकॉर्ड घ्या, पण आपल्या घरात बघून

आता बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर असतं, बऱ्याच कॉलेजांत कोहा. हे न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी बनलं, त्यांचं जुनं सॉफ्टवेअर वाय-टू-केमध्ये (२००० साल लागताना कॉम्प्युटरच्या तारखांचा होणारा घोळ) चालणार नव्हतं म्हणून, आणि २००० च्या जानेवारीत सुरू झालं. कोहा हा माओरी शब्द, भेट असा अर्थ, आणि ते फुकट मिळतं. फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे मात्र, सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतोच.

कोहामधून झेड ३९.५० ने (दुसऱ्या लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये शोधून रेकॉर्ड आणायची प्रमाण पद्धत) मोठ्या लायब्ररीचं तयार रेकॉर्ड ओढता येतं, आयएसबीएन टाकला की लेखक, शीर्षक, विषय सगळं येतं. वेळ खूप वाचतो. पण त्यात आलेला वर्गांक (विषयाचा ड्युई नंबर) तसाच ठेवला की घोटाळा होतो. आपल्याकडे त्याच पुस्तकाची आधीची आवृत्ती तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या नंबरवर गेलेली असते, आता नवी वेगळ्या रॅकवर जाते आणि विद्यार्थी दोन्हींत जुनीच घेऊन जातो. म्हणून रेकॉर्ड सेव्ह करायच्या आधी आपल्याच कॅटलॉगमध्ये लेखक आणि शीर्षक शोधायचं, आणि आपली पद्धत काय आहे ते बघून ०८२ च्या फील्डमधला (रेकॉर्डमधला ड्युई नंबरचा रकाना) नंबर ठेवायचा की बदलायचा ते ठरवायचं. शैक्षणिक मानसशास्त्र हे चांगलं उदाहरण, मानसशास्त्र १५० मध्ये पण शैक्षणिक मानसशास्त्र ड्युईत ३७०.१५, म्हणजे शिक्षणशास्त्राकडे. तुमच्याकडे ती पुस्तकं आधीपासून १५० खाली असतील तर एक तर सगळी हलवा किंवा एकही हलवू नका. अर्धी इकडे अर्धी तिकडे ही सगळ्यात वाईट अवस्था.

लेखकाच्या नावाचंही तेच. एकच माणूस आद्याक्षरांनी, पूर्ण नावाने, आडनाव आधी, अशा तीन रूपांत एन्टर झालेला असतो, त्यात दोन लिप्या. एक रूप ठरवा, १०० च्या, म्हणजे लेखकाच्या, फील्डमध्ये तेच जाईल असं बघा. मुख्य रेकॉर्ड एकदाच, आणि प्रती त्याखाली आयटम म्हणून जोडायच्या, कोहात ते ९५२ च्या फील्डमध्ये बसतं. नवीन मुलं प्रत्येक प्रतीला नवं रेकॉर्ड बनवतात आणि मग ओपॅकवर एकच पुस्तक दहा ओळी दिसतं.

बॅकअपबद्दल एकदा ऐकाच. आमच्याकडे रोज रात्री बॅकअप व्हायचा, छान वाटायचं, फक्त तो त्याच हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागावर व्हायचा. हार्ड डिस्क गेली तेव्हा दोन्ही गेले. हाती होती ती महिन्याभरापूर्वीची पेन ड्राइव्हवरची कॉपी, मधले सगळे इश्यू-रिटर्न आम्ही पुस्तकांमधल्या ड्यू डेट स्लिपांवरून आणि विद्यार्थ्यांच्या आठवणीवरून भरले. बॅकअप दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर हवा आणि सहा महिन्यांतून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून बघायला हवा. रिस्टोअर करून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

काउंटर

इथले नियम कमीत कमी ठेवा. किती पुस्तकं, किती दिवस, किती वेळा रिन्यू, उशीर झाला तर काय. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच भरा, नाहीतर ड्यू डेट सुट्टीच्या दिवशी येते, दंड चढतो आणि काउंटरवर भांडण होतं ज्यात चूक तुमचीच असते. ड्यू डेटच्या दोन दिवस आधी मेल किंवा मेसेज जाईल असं सेट करा.

टेक्स्टबुकच्या प्रती कधीच पुरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाच्या दोन प्रती काउंटरमागे ठेवा, फक्त लायब्ररीत बसून वाचायला किंवा संध्याकाळी नेऊन सकाळी परत करायला. वीस प्रती घरी गेलेल्या असताना या दोन प्रती अख्ख्या वर्गाला सांभाळतात.

प्राध्यापकांकडे वर्षानुवर्षं असलेली पुस्तकं हा नाजूक विषय. नोटीस पाठवून उपयोग नाही, दुखावतात. वर्षातून एकदा प्रत्येकाला त्यांच्या नावावरची यादी पाठवते, खाली एवढंच की 'सर, यातलं जे लागत नाही ते पाठवा, बाकीचं मी रिन्यू करते'. याने येतात बरीच.

आणि कुणी विचारलं की 'अमुक पुस्तक कुणाकडे आहे' तर नाव सांगायचं नाही, मग विचारणारे कितीही मोठे असोत. 'मी परत मागवते, आलं की तुम्हाला कळवते' एवढंच. कोण काय वाचतंय ही खाजगी गोष्ट आहे.

विद्यार्थी जे मागतो आणि त्याला जे हवं असतं

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. कोर्सला आपण ते पाठ करतो, पाचही. नोकरीत रोज कामाला येतो तो चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. वेळ वाचवायचा तर आधी त्याला काय हवंय ते कळायला हवं, आणि ते तो पहिल्या वाक्यात सांगत नाही.

एक मुलगा आला, "मॅडम, केमिस्ट्रीचं पुस्तक द्या." आता ५४० चा अख्खा रॅक दाखवून मी मोकळी झाले असते. विचारलं, कशासाठी? प्रॅक्टिकलसाठी. कोणतं? टायट्रेशन. कधी? उद्या व्हायवा आहे. म्हणजे त्याला पुस्तक नको होतं, एका प्रॅक्टिकल मॅन्युअलमधली दहाबारा पानं हवी होती आणि ती आजच. तीन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागला. 'का' हा शब्द मात्र टाळा, मुलांना ती उलटतपासणी वाटते, 'हे कशात वापरायचंय' असं विचारा. सोबत उठून रॅकपर्यंत जा, बोट दाखवून पाठवू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. जाताना तुम्हाला स्वतःलाच दिसतं की साइनबोर्ड चुकीचा आहे.

ई-रिसोर्सेस

थोडक्यात सांगते. घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: एका वेळी किती जण उघडू शकतात, कॅम्पसबाहेरून चालतं का, आणि वर्गणी बंद केली तर भरलेल्या वर्षांचा मजकूर आपल्याकडे राहतो का. वापराचे आकडे प्रकाशकाच्या ब्रोशरमधून न घेता काउंटर (COUNTER) नावाच्या, वापर मोजायच्या मानकाचे रिपोर्ट मागा, आणि वर्गणीला वापराने भागा. एका वापरामागे किती पडलं ते दिसलं की पुढच्या वर्षी काय चालू ठेवायचं यावर फार चर्चा होत नाही.

रिसर्च करणाऱ्यांना साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेली समानतेची टक्केवारी म्हणजे चोरीची टक्केवारी नाही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. संदर्भसूची आणि अवतरणंसुद्धा त्या आकड्यात शिरतात, त्यामुळे रिपोर्ट उघडून वाचायचा असतो.

जुनं काढून टाकणं

हे कुणालाच करायचं नसतं. पण नऊ वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर शिकवणारी पंधरा पुस्तकं रॅक अडवून बसली की नव्या पुस्तकाला जागा नाही आणि विद्यार्थ्याच्या हाती चुकीचं ज्ञान. जे चुकीची माहिती देतं, जे फाटून गेलंय, ज्याची नवी आवृत्ती आपल्याकडे आहे, त्याची यादी करा, संबंधित डिपार्टमेंटची सही घ्या, लायब्ररी कमिटीत ठराव करा, मगच रजिस्टरमध्ये लाल शाईने नोंद आणि सॉफ्टवेअरमधून विथड्रॉन. हा क्रम उलटा केला तर उद्या कुणीतरी 'पुस्तकं रद्दीत घातली' म्हणून बोंब मारेल. इतिहास आणि साहित्याला हाच निकष लावू नका, तिथे जुनं म्हणजे कालबाह्य नाही.

जे ठेवायचंय त्याला सेलोटेप लावू नका, कितीही मोह झाला तरी. टेप काही वर्षांनी पिवळी पडते, डिंक कागदात मुरतो आणि मग ते पान कायमचं गेलं. स्टार्चची खळ आणि पातळ टिश्यू पेपर पुरतो. दमट कोपऱ्यातला रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, हवा खेळू दे, बुरशी आधी तिथेच धरते.

आकडे गोळा करताना

इश्यूचा आकडा सॉफ्टवेअर देतं, पण लायब्ररीत बसून वाचलेली पुस्तकं कुणी मोजत नाही. टेबलांवर पाटी लावा, 'वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवा'. संध्याकाळी ती गोळा करून स्कॅन करायची, मग रॅकवर. याने दोन कामं होतात, आकडा मिळतो आणि पुस्तकं चुकीच्या जागी जाणं कमी होतं कारण लावणारे आता फक्त तुमचे लोक. मला तर वाटतं ही पाटी लावल्यावर जितका फरक पडला तितका बाकी कशानेच पडला नसेल.

वर्ष संपताना सुट्टीत पूर्ण स्टॉक व्हेरिफिकेशन करा, तोवर रॅक बऱ्यापैकी सरळ झालेले असतात म्हणून ते लवकर उरकतं. न सापडलेल्यांची यादी लगेच 'हरवलं' करू नका, 'शोधात' असा स्टेटस द्या, पुढच्या काही महिन्यांत त्यातली काही हमखास कपाटामागून, बाइंडरकडून, एखाद्या सरांच्या केबिनमधून परत येतात. आणि नवं सत्र सुरू झालं की ती शंभराची चाचणी पुन्हा घ्या, फक्त नंबर नवे निवडा, जुनी शंभर पुस्तकं कुठे आहेत ते एव्हाना तुम्हाला आणि काकांना पाठ झालेलं असतं.